पोळ्यापुरती चाकं

पिकपच्या चाकाला नट किती असतात, सांगा बरं? कोणी पाच म्हणेल, कोणी सहा म्हणेल. दोघंही बरोबर आणि दोघंही फसणार! कारण सहा नटांच्या दोन चाकांतसुद्धा भोकांची अंतरं निराळी असतात. कासाराला नुसतं 'मोठी बांगडी द्या' म्हणून भागत नाही, तसंच चाकाचं आहे. ही मापं घेण्यात माझा जन्म गेला. अमरावतीला राजापेठेत माझं टिनाचं दुकान होतं. बाहेर जुनी टायरं रचलेली, आत मी. पाटी कधी लावली नाही. जुन्या पिकपचं चाक पाहिजे तर नामदेवकडं जा, हे यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंतच्या ड्रायव्हरांना तोंडपाठ होतं. फुशारकी वाटली तर वाटू द्या, खरं आहे ते.

आधी धंदा काय होता ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर सैन्याच्या गाड्या लिलावात निघाल्या. आमच्याकडे त्यांना 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. पुढं दोघातिघांपुरती बैठक, मागं उघडा हौदा. संत्री भरा, सरकी भरा, वरात भरा, गाडी नाही म्हणायची नाही! इंजिन बिघडलं तर आमचे मिस्त्री तारेनं, पत्र्यानं आणि शिव्यांनी ते चालू करत. चाकाला मात्र शिव्या लागू पडत नाहीत. रिमला तडा गेला की गाडी विटांवर चढली म्हणून समजा. नवं चाक साता समुद्रापलीकडून मागवायचं तर तेवढ्यात जुनी अर्धी गाडी येईल, आणि येईल तेव्हा येईल. मग लोक माझ्याकडं येत.

माझे वडील चपला शिवत. तळाला लावायला ते जुनी टायरं आणत आणि मी कापून देत असे. कापता कापता मला टायर वाचता यायला लागलं. कुठलं बाहेरून गुळगुळीत पण आतून धडधाकट आहे आणि कुठलं वरून छान दिसतं पण आत दोरा तुटलाय, हे हात फिरवून कळायचं. टायरला आमच्याकडे चार जन्म होते. पहिला नव्या गाडीखाली. मग नवं रबर चढवून पिकपखाली. मग रबरी चाकांच्या बैलगाडीखाली. शेवटचा माणसाच्या पायाखाली. आतून चीर गेली असेल तर जुन्या टायरचाच पातळ तुकडा सोलून आत बसवायचा, त्याला गेटर म्हणतात. तो तुकडा मी वडिलांच्या चामडं कापायच्या रापीनं असा सोलायचो की ट्यूबला टोचायची काय बिशाद!

गिऱ्हाइकं एकेक नग. एक देशमुख होते. डोक्याला फेटा, हातात वाकलेला पाना, असे तणतणत आले. "नामदेव, तुह्या त्या चाकाचा नट निघून नाई राहिला! तीन गडी उभे केले पान्यावर!"

"कोणत्या बाजूचं चाक, देशमुख साहेब?"

"डाव्या."

"मग तीन गडी लावून तो आवळून राहिले तुमी!"

त्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असत, चाक फिरताना नट ढिला होऊ नये म्हणून. देशमुखांनी एवढं ऐकून घेतलं, पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "गोरा गेला, पन जाता जाता नटंबी उलटे करून गेला!" मग स्वतःच इतके हसले की फेटा सुटला.

पण मला सांगायची आहे ती यमुनाबाईची गोष्ट. ती आठवली की अजून माझ्या हातांना चैन पडत नाही.

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. पोळा चार दिवसांवर आलेला. बडनेऱ्याच्या रस्त्याला यमुनाबाईचा फुलांचा मळा होता. नवरा वारलेला. अमरावतीच्या फुलबाजारात दोन्ही दिरांचा वट, त्यामुळं तिची फुलं त्यांच्याच ओट्यावर जायची आणि ते म्हणतील तीच पूर्व दिशा. बाई खमकी. तिनं भावाच्या भरवशावर डिस्पोजलची एक पिकप घेतली, कशासाठी तर फुलं थेट अकोल्याला नेऊन स्वतः विकायची! भाऊ बळीराम लढाईत सैन्याची गाडी चालवून आलेला. आणि पहिल्या खेपेच्या आधीच पुढची दोन्ही चाकं गेली. एकाला भोकापासून भोकापर्यंत तडा, दुसरं खड्ड्यात आदळून वाकलेलं.

दिरांनी भरल्या घरात सांगितलं होतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भरणाऱ्या हरतालिकेच्या बाजाराला गाडी आपल्या पायानं अकोल्याला गेली तर ठेव. नाही गेली तर गाडी भंगारात आणि मळ्याचा कारभार आमच्याकडं. बाई माझ्या दुकानात आली ती बसलीसुद्धा नाही.

"नामदेवभाऊ, माही गाडी उभी व्हते का नाई तेवढं सांगून द्या. नाई म्हनसान तरी चालते. पन फिरवू नका."

"गाडी पाहिल्याशिवाय कसं सांगू, बाई?"

"मंग चला. उभे काहून हा?"

गेलो. गाडी विटांवर, हौद्यात कोंबड्या. मागं झेंडूचा पिवळाधमक मळा आणि त्याच्या कडेनं गुलछडी. मी सुतळी काढली. आमच्या घरात पायाचं माप दोरीनंच घेत, म्हणून मीही चाकाचं माप सुतळीनंच घ्यायचो. एका भोकाच्या मध्यावर एक गाठ, समोरच्या भोकाच्या मध्यावर दुसरी गाठ, झालं माप. बळीरामनं खिशातून लोखंडी फूटपट्टी काढली. "उस्ताद, हे देऊ का?"

"ठेव तुझ्याजवळ," मी म्हटलं. "पट्टीनं शाळेतली पोरं मोजतात."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या ते चांगलंच लक्षात आहे.

सहा भोकांचं ते माप फार विरळा होतं. माझ्याकडं नव्हतं, अमरावतीत कुणाकडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून रेल्वे धरून अकोल्याला गेलो. पाऊस असा लागलेला की छत्री नुसती शोभेला. अकोल्याच्या भंगार बाजारात सकाळपासून चिखल तुडवला. शेवटी कादरचाचांकडं गेलो. चाचा म्हणजे भंगाराचे कुळकर्णी. पंधरा वर्षांत कोणतं लोखंड कुणाच्या दारी गेलं, सगळं डोक्यात.

त्यांनी माझी सुतळी पाहिलीसुद्धा नाही. "अरे मियाँ, उस गाडी के दो चक्के मैंने ही बेचे थे. दर्यापूर की तरफ एक किसान ले गया. शेषराव नाम था. बैलगाडी के नीचे डालने ले गया, और आधा दिन मेरा दिमाग खाया!"

मी चाचांचे हातच धरले. लोखंडी धावेच्या चाकांपेक्षा रबरी चाकांची गाडी बैलांना हलकी जाते, म्हणून त्या दिवसांत हौशी शेतकरी जुन्या मोटारींची चाकं बैलगाडीला बसवू लागले होते. म्हणजे माझं चाक कुठल्या तरी गोठ्यासमोर उभं होतं!

दर्यापूरच्या बाजूची गावं विचारत विचारत पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेषरावच्या गावात पोचलो. गाव सडकेला लागूनच होतं, दर्यापूरच्या दोन कोस अलीकडं. शेषराव बैल धूत होता. उंच, हडकुळा माणूस, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आणि त्याच्या अंगणात ती गाडी! वरच्या साट्याला नवा हिरवा रंग, पुढच्या लांब धुऱ्यांवर पिवळ्या वेलबुट्ट्या आणि खाली, बाप्पा, तीच दोन चाकं! वाकलो, पिशवीतून सुतळी काढली, गाठी भोकांवर धरल्या.

दोन सूत कमी. आठ सुतांचा इंच, म्हणजे पाव इंचाचा फरक. पुन्हा धरली. तेच. दुसऱ्या चाकाला धरली. तेच.

"काहून, बापू? नाई जमत?" शेषरावनं विचारलं.

"नाही जमत. भोकांचं अंतर जास्त आहे तुमच्या चाकांचं."

"मंग राम राम," म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर पाणी ओतायला लागला.

मी फाट्यावर आलो. यमुनाबाईला जाऊन काय तोंड दाखवायचं? 'फिरवू नका' म्हणाली होती ना ती! चहाच्या टपरीसमोर एक बाज टाकलेली होती, मी तिच्यावर धपकन बसलो आणि माझं बूडच शेकून निघालं. बाज नव्हे, दगड!

"हळू बसा, पाव्हनं," टपरीवाला हसला. "आठ दिवसाचा पाऊस खाल्ला तिनं. सुतळी आवळली. उनाऱ्यात पाहा, झोयी होते तिची."

मी तसाच उठलो. सुतळी आवळली! अंबाडीची सुतळी पाण्यानं आवळते, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. पावसाळ्यात विहिरीचा दोर, बाज, गुरांची दावी, सगळं आवळतं. आणि मी, मोठा उस्ताद, दोन दिवस पावसात भिजलेल्या सुतळीनं चाक मोजत होतो! चहा तसाच टाकला आणि गावाकडं पळत सुटलो. चिखलात एक चप्पल रुतून राहिली, ती काढायलाही थांबलो नाही. वडिलांच्या हातची होती ती.

दिवस मावळतीला आला होता. शेषरावच्या अंगणात खांदशेकणी चालली होती. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना उद्याचं निमंत्रण द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. शेषराव बैलाच्या कानाशी वाकून म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुपारचा तोडून बोलणारा माणूस हाच का, असं वाटावं इतका मऊ आवाज.

मला एका पायात चप्पल अशा अवतारात पाहून तो सरळ झाला. "वापस काहून आला बे तू?"

मी सगळं सांगितलं. सुतळी, पाऊस, बाज. त्याच्या म्हाताऱ्या आईनं चुलीजवळ जागा करून दिली आणि मी सुतळी शेकायला धरली. वाळली. पुन्हा चाकाला धरली. अजून एक सूत कमीच! एकदा आवळलेली सुतळी वाळली तरी पुरती मूळ पदावर येत नाही. म्हणजे चाक तेच असेल, नसेलही. माझ्या जिवाची नुसती तगमग. फूटपट्टी घेतली असती तर! बळीरामचा तो पुढं केलेला हात मला चुलीच्या धगीत दिसत होता.

"शेषरावभाऊ," मी म्हटलं, "चाकं मला विका."

"इकत नाई."

"मग उसनी द्या. उद्या पोळा, परवा कर. दोन दिवस तुमचे बैल जुंपत नाहीत. गाडी उभीच राहणार."

"आन तुह्ये मापच बरोबर नसन तं?"

"तर उद्याच्या उद्या वापस आणून बसवून देतो."

तो पुन्हा बैलाचा खांदा चोळायला लागला. त्याचा घोळ मला नंतर कळला. पोळ्याला गावाच्या वेशीत तोरणाखाली सगळ्यांच्या बैलजोड्या उभ्या राहतात, तोरण तोडलं की पोळा सुटतो, आणि तिकडं जायचा रस्ता त्याच्या घरावरूनच जातो. रबरी चाकांची गाडी गावात त्याची एकट्याची. ती लोकांना दिसावी म्हणून त्यानं आठ दिवस रंगवली होती. आणि नेमक्या त्या दिवशी ती दगडांवर ठेवायची!

"गाडी कोनाची हाये ते सांग आधी," तो म्हणाला.

मी यमुनाबाईचं सांगितलं. दीर, मळा, हरतालिकेचा बाजार. म्हातारी मध्येच बोलली, "बैल दोन दिवस आराम करते, चाकायनं केला तं काय बिघडते रे? दे तिले."

शेषरावनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "नेय. पन देलं नाई हां, उसनं हाये. करीच्या दुसऱ्या दिशी उजेडात मले चाक पायजे. आन एक. उद्या तोरन तुटाच्या आधी माह्या बैलायच्या गयात तिच्या मयातला हार पायजे. ताजा. सुकेल घेत नाई मी."

चाकं शेवटच्या बसच्या टपावर टाकली आणि अमरावती गाठली. पोळ्याच्या दिवशी सकाळी मळ्यात यमुनाबाई, बळीराम आणि मी. दीरही आले होते, बांधावर उभे, हाताची घडी घालून. मी चाकांवरची बैलगाडीची टकली टायरं उतरवली, पिकपची टायरं चढवली. एकाला आतून वीतभर चीर होती, तिथं रापीनं सोलून गेटर बसवलं. हवा भरली. आता बसवायचं.

"लावा, उस्ताद," बळीराम म्हणाला. फूटपट्टी त्याच्या खिशातून डोकावत होती. मी मागितली नाही. आता मागून काय उपयोग?

चाक उचललं, बोल्टांवर टेकवलं, ढकललं. अडलं. यमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. बांधावरून कोणी तरी म्हणालं, "आता इटाईचीच पूजा कर म्हनावं!" मी वाकून पाहिलं, तर वरच्या बोल्टावर दगडागत चिखल वाळून बसला होता. रापीच्या पाठीनं तो खरवडला आणि पुन्हा ढकललं.

खट्! सहाच्या सहा बोल्ट भोकांतून बाहेर आले!

मी ओरडलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. बळीरामनं मला उचलूनच घेतलं. यमुनाबाई रडत नव्हती, हसतही नव्हती, ती बांधाकडं पाहून एवढंच म्हणाली, "कोंबड्या उतरवा हौद्यातून. फुलं भराचे हाये."

टोपल्यांवर टोपल्या चढल्या. झेंडू, गुलछडी, वर ओल्या गोणपाटाचं पांघरूण. दोन भले मोठे हार बाईनं आपल्या मांडीवर घेतले. दर्यापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार उलटली होती. मी हौद्यात फुलांमध्ये उभा, डोळे पुढच्या चाकांवर, कान गेटरवर. वाटेत प्रत्येक खड्ड्याला बळीरामच्या सात पिढ्या उद्धरत होतो.

गावाच्या वेशीत झडत्यांची, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांची, चढाओढ रंगात आली होती. बैलजोड्या रांगेत उभ्या, अंगावर झुली, शिंगांना बेगड. शेषराव आपल्या जोडीजवळ ताठ उभा होता, आणि लोक त्याची मनसोक्त खेचत होते. "शेषराव, तुही गाडी कोनं खाल्ली?" "चाकं बी पोयाले माहेरी गेले का बे?" तो ना हसत होता, ना चिडत होता. नुसता सडकेकडं पाहत होता.

तेवढ्यात बळीरामनं भोंगा वाजवला. बैल बिचकले, माणसं बाजूला झाली आणि पिकप येऊन वेशीशी उभी राहिली. शेषरावनं आधी चाकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जमलं?"

"जमलं!"

"मले वाटलंच होतं," म्हणाला. खोटं! त्याचा श्वास सुटलेला मी पाहिला.

यमुनाबाई उतरली. तिनं दोन्ही बैलांच्या गळ्यात हार घातले, कपाळाला कुंकू लावलं आणि शेषरावला म्हणाली, "भाऊ, तुमच्या बैलायची सुट्टी मी घेतली. त्यायले सांगा, रागावू नका म्हना." मग तोरण तुटलं. लोकांचा गलका झाला, आणि आम्ही अकोल्याचा रस्ता धरला.

करीच्या दिवशी अकोल्याच्या बाजारात तिनं स्वतः टोपल्या उतरवून फुलं विकली. हरतालिकेसाठी आलेल्या बायांनी तिला गराडा घातला होता. दुपारपर्यंत गोणपाट तेवढं उरलं. पुढं दिरांनी मळ्याचं नाव काढलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

ठरल्याप्रमाणे करीच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चाकं परत द्यायला शेषरावच्या दारात उभे. मी जॅक काढला. शेषराव कडुलिंबाची काडी चावत बाहेर आला.

"राहू दे. हिच्या गाडीले दुसरं चाक लवकर भेटत नाई, हे तुह्या तोंडावरच लिहेल हाये. मले कोन्तंबी रबरी चाक चालते. माह्या बैलायले नटं मोजता येत नाई. तू मले दुसरी जोडी पाहून दे."

"मग ही चाकं..." बाई म्हणाली.

"ते उसनेच हाये. देले नाई मी."

त्याला दुसरी जोडी मिळवून द्यायला मला महिना लागला. तोवर तो शेजाऱ्याच्या लाकडी चाकांच्या गाडीनं काम चालवत होता आणि मला निरोपावर निरोप धाडत होता, ते सगळे इथं लिहिता येणार नाहीत. त्या दिवसापासून मी पत्र्याची मापं कापून ठेवली, प्रत्येक गाडीचं एक. सुतळी फक्त टायर बांधायला. बळीरामला फूटपट्टीवरून बोललो त्याची माफी मात्र मी मागितली नाही. मागायला पाहिजे होती. तो गेला, आणि ते राहूनच गेलं.

पिकप दहा-अकरा वर्षं पळाली. दर पोळ्याला ती आधी शेषरावच्या गावी हार टाकायची, मग पुढं जायची. एकसष्ट का बासष्ट साली पूल पाण्याखाली होता, तर बळीराम दूरचा फेरा घेऊन गेला, पण हार पोचवला. शेवटी इंजिनानं हात टेकले. भंगारवाला मळ्यात आला, त्यानं सगळी गाडी उचलली. पुढची दोन चाकं बाईनं आधीच काढून ठेवायला लावली होती. काढली मीच.

त्या वर्षी पोळ्याला भाड्याच्या गाडीत हार आणि दोन चाकं घालून आम्ही शेषरावकडं गेलो. तो थकला होता, काठीनं चालत होता. बैल नवे होते. यमुनाबाईनं हार घातले, कुंकू लावलं. मग मी चाकं उतरवून त्याच्या अंगणात उभी केली.

"भाऊ," ती म्हणाली, "पोयापुरते नेले होते. जराकसा उशीर झाला."

शेषरावनं चाकांकडं पाहिलं. काठी बगलेत धरली, वाकला आणि एका टायरला अंगठा दाबला.

"ह्याच्यात हवा कमी हाये," तो म्हणाला.

मी पंप काढला.